खऱ्या मँचेस्टरमध्ये: नव्याने आलेल्यांसाठी नाटक, संगीत आणि संग्रहालयांची वाट

इचलकरंजीच्या शाळेत ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर कोणते?’ हा एका मार्काचा प्रश्न हमखास यायचा. उत्तर म्हणून आपल्याच गावाचं नाव लिहायला मिळायचं, त्यामुळे तो मार्क फुकटचा वाटायचा. खरं मँचेस्टर कसं असेल, हे मात्र आम्हां पोरांपैकी कुणी विचारलं नाही. पुढे नोकरीने मला तिथेच आणून टाकलं. पहिल्याच आठवड्यात मी गिरण्या शोधायला बाहेर पडलो. त्या सापडल्या, पण बहुतेकींचे फ्लॅट आणि ऑफिसं झालेली. लोअर परळला जे झालं तेच.

मग हळूहळू कळत गेलं, की गिरण्या गेल्या तरी त्यांनी मिळवलेला पैसा अजून गावातच आहे. ग्रंथालयांत आहे, वाद्यवृंदात आहे, चित्रांच्या दालनांत आहे. त्यातलं बरंचसं फुकट बघायला मिळतं. तरीही नवीन आलेली मराठी मंडळी, विद्यार्थी असोत की आयटीवाले, पहिलं वर्ष आर्नडेलच्या दुकानांत आणि सुट्टी मिळाली की लंडनच्या गाडीत घालवतात. ‘इथे बघण्यासारखं काही नाही’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की शेवटी हे लिहायला बसलो.

१. ठिकाण नंतर, आधी वार बघा

इथे खिशापेक्षा कॅलेंडर जास्त लागतं. मँचेस्टर आर्ट गॅलरी, मँचेस्टर म्युझियम आणि व्हिटवर्थ हे कलादालन ही तीन मोठी ठिकाणं विनामूल्य आहेत आणि तिन्ही सोमवारी बंद असतात. सोमवारची रजा काढून पाहुण्यांना घेऊन निघालेली माणसं बंद दारासमोर फोटो काढून परत येतात. मीही काढलाय. सेंट्रल लायब्ररीला रविवारी सुट्टी. जॉन रायलंड्स ग्रंथालयाचे उघडे वार आणखी कमी, म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ बघायची सवयच लावून घ्या.

दुसरं, पाच वाजता बहुतेक संग्रहालयांचा दिवस संपतो. आपल्याला जेवून, जरा पडून, चारला निघायची सवय. इथे चारला पोचलात तर कर्मचारी अतिशय गोड बोलून साडेचारपासून तुम्हाला दाराकडे सरकवायला लागतात. अपवाद व्हिटवर्थचा, तिथे गुरुवारी रात्रीपर्यंत उघडं असतं. ऑफिस सुटल्यावर जाता येईल अशी ती एक जागा लक्षात ठेवा.

तिसरं, ‘मोफत’ म्हणजे ‘नोंदणी नको’ असं नाही. सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये मोफत तिकीटही आधी काढून ठेवलेलं बरं. दारात देणगीची पेटी असते. टाकावेसे वाटले तर टाका, नाही टाकले तर कुणी बघत नाही.

२. फिरायचं कसं

मध्यवर्ती शहर पायी पालथं घालता येतं. व्हिक्टोरिया स्टेशनपासून कॅसलफील्डपर्यंत, रमतगमत गेलात तरी अर्ध्या तासाच्या आसपास. पाय दुखत असतील तर शहराच्या मध्यात फिरणारी फुकट बस आहे. तिच्यावर तसं लिहिलेलंच असतं, चढा आणि बसा.

बस आणि ट्राम दोन्हींना बँकेचं कार्ड चालतं, पण नियम वेगळे आहेत आणि नवखे इथेच फसतात. बसमध्ये चढताना एकदा कार्ड टेकवलं की झालं. ट्राममध्ये मात्र चढण्याआधी फलाटावरच्या यंत्राला टेकवायचं आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. उतरताना विसरलात तर पूर्ण दिवसाचं मोठं भाडं कापलं जाऊ शकतं. आईवडील बरोबर असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं, एका कार्डावर चौघं जात नाहीत.

आणि पाऊस. मुंबईसारखा कोसळत नाही, कोकणासारखा झोडपत नाही, नुसता रिपरिपतो. दमट हवेत सूत कमी तुटतं, कापूसधंदा या भागात फोफावला त्यामागचं हे एक कारण सांगतात. छत्री वाऱ्याने उलटते, म्हणून टोपीवालं जाकीट घ्या. पावसामुळे बेत रद्द करायचा नाही हा या गावचा अलिखित कायदा. रद्द करायचं ठरवलं तर वर्षभर घरातच बसाल.

३. पहिला दिवस कापसाला द्या

नवख्यांना मी नेहमी हीच वाट सांगतो. व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरा. शेजारीच चेटम्स ग्रंथालय आहे. इमारत १४२१ सालची, ग्रंथालय १६५३ पासूनचं. इंग्रजी बोलणाऱ्या जगातलं सगळ्यांत जुनं सार्वजनिक ग्रंथालय म्हणून ते ओळखलं जातं. आत जायला मार्गदर्शकासह फेरीचं तिकीट काढावं लागतं. या वाटेवर पैसे पडतात ते इथेच, पण ते सत्कारणी लागतात. खिडकीच्या कोनाड्यात एक मेज आहे. १८४५ च्या उन्हाळ्यात तिथे कार्ल मार्क्स आणि फ्रेडरिक एंगल्स शेजारी बसून वाचायचे. एंगल्सचं घराणं गिरणीमालकांचं, तो इथे घरच्याच कंपनीत कामाला आला होता. लालबाग-परळच्या लाल बावट्याचा एक धागा या मेजापाशी येऊन पोचतो. त्या बाकावर बसू देतात. बसा.

बाहेर पडलात की दोन मिनिटांवर कॅथीड्रल. त्याच्यासमोर चालत्या पवित्र्यातले गांधीजी दिसतील. हा पुतळा नोव्हेंबर २०१९ मध्ये बसवला आणि घडवला तो राम सुतारांनी, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या. हे सांगितलं की सोबतचे पाहुणे पुतळ्याभोवती पुन्हा एक फेरी मारतात, असा माझा अनुभव आहे. गांधीजी स्वतः १९३१ च्या सप्टेंबरात लँकशायरमध्ये आले होते, डार्वेन गावच्या गिरणी कामगारांना भेटायला. आपल्या बहिष्कारामुळे ज्यांचा रोजगार गेला त्यांच्याच दारात ते गेले, आणि कामगार बायकांनी त्यांच्याभोवती गर्दी करून जयजयकार केला. तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

तिथून पाच मिनिटांवर रॉयल एक्स्चेंज. इथे घाई करू नका.

हा एके काळी जगातला कापसाचा सौदेबाजार. एवढ्या मोठ्या दालनात हजारो दलाल उभे राहून सौदे करायचे. १९६८ मध्ये बाजार बंद पडला. शेवटच्या दिवशीचे भाव भिंतीवरच्या उंच फलकावर अजून तसेच आहेत, कुणी पुसलेले नाहीत. घुमटाच्या कडेने, वजनमापात लबाडी करू नये अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. खामगावच्या किंवा यवतमाळच्या शेतकऱ्याने ती वाचली तर त्याला हसू येईल. आपल्याकडे कापसाच्या काट्यावर काय चालतं ते त्याला कुणी सांगायला नको.

आणि या दालनाच्या मधोमध, चंद्रावर उतरलेल्या यानासारखं, काचेचं आणि पोलादाचं सात बाजूंचं नाट्यगृह उभं आहे. १९७६ मध्ये ते सुरू झालं. जुन्या जमिनीला एवढं वजन पेलवेना, म्हणून घुमट तोलणाऱ्या चार खांबांवरूनच ते टांगलं. रंगमंच आणि खालच्या रांगा तेवढ्या जमिनीवर टेकतात. १९९६ मध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने जवळच स्फोट घडवला तेव्हा इमारतीचं मोठं नुकसान झालं, दोन वर्षांनी ते पुन्हा उघडलं. नाटक बघायचं नसलं तरी दालन उघडं असताना आत डोकवायला तिकीट लागत नाही. नाटकाबद्दल पुढे बोलू.

पुढे डीन्सगेटवर जॉन रायलंड्स ग्रंथालय. बाहेरून चर्च वाटतं, आत गेलं की जास्तच वाटतं. रायलंड्स हा कापडधंद्यातला इथला अतिश्रीमंत माणूस. त्याच्या मागे त्याची विधवा, क्यूबात जन्मलेली एन्रिकेटा, हिने त्याच्या आठवणीसाठी हे बांधून घेतलं आणि १९०० च्या पहिल्याच दिवशी लोकांना खुलं केलं. त्या काळातही इथे विजेचे दिवे होते. संग्रहात गुटेनबर्गचं बायबल आहे आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरसचा एक अतिप्राचीन तुकडा आहे. वरच्या मजल्यावरच्या वाचनदालनात जाऊन नुसतं बसलं तरी चालतं. विद्यार्थ्यांनो, परीक्षेच्या दिवसांत तिथल्या शांततेचा उपयोग करून घ्या.

रायलंड्सकडून दोन गल्ल्या पलीकडे लिंकन स्क्वेअर आहे. अब्राहम लिंकनचा पुतळा इथे कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. अमेरिकेतल्या यादवीत दक्षिणेचा कापूस अडकला आणि लँकशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. तरीही इथल्या कामगारांनी गुलामगिरीविरुद्धच्या बाजूला पाठिंबा दिला, म्हणून १८६३ मध्ये लिंकनने त्यांना पत्र लिहिलं. त्यातलं काही पुतळ्याखाली कोरलं आहे. आता हीच गोष्ट आपल्या बाजूने बघा. तोच अडकलेला कापूस, तीच १८६१ ते १८६५ ही वर्षं, आणि मुंबईत पैशाचा पाऊस. वऱ्हाडाचा, खानदेशाचा, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने इकडे आला, मुंबईत शेअरांचं वेड पसरलं आणि युद्ध संपताच सगळं कोसळलं. राजाबाई टॉवर ज्यांच्या पैशातून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद याच कापसाचे व्यापारी. इथली उपासमार आणि तिथला टॉवर एकाच गाठोड्यातले आहेत. मला हा छोटासा चौक सगळ्या शहरात जास्त आवडतो, आणि तिथे बघण्यासारखं म्हणाल तर एक पुतळा आणि चार बाक, एवढंच आहे.

शेवटचा टप्पा कॅसलफील्डमधलं सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम. जागा आहे १८३० सालच्या लिव्हरपूल रोड स्टेशनची, जगातलं टिकून राहिलेलं सगळ्यांत जुनं प्रवासी रेल्वे स्टेशन. वस्त्रदालनात जुनी यंत्रं चालवून दाखवतात. प्रात्यक्षिकाची वेळ आल्याआल्या काउंटरवर विचारा आणि त्याप्रमाणे बाकीचं बघा. बाबांना पहिल्यांदा आणलं तेव्हा ते कंटाळून मागे रेंगाळत होते. माग सुरू झाला, धोटा इकडून तिकडे आदळायला लागला, आणि बाबा एकदम पुढे सरसावले. “ह्यो तर आपलाच माग की रं!” आयुष्याची तीस वर्षं ज्या आवाजात गेली तो आवाज त्यांनी सात समुद्रांपलीकडे काचेच्या दाराआडून ऐकला. प्रात्यक्षिक दाखवणाऱ्याने सांगितलं, की आवाजामुळे इथल्या कामगार बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींचं बोलणं ओळखायच्या. मी भाषांतर करायच्या आतच बाबांनी हातवारे करून ‘कांडी संपली’ कसं सांगायचे ते त्या माणसाला दाखवलं. पुढची दहा मिनिटं दोघांना माझी गरज पडली नाही.

४. दुसरा दिवस ऑक्सफर्ड रोडला

विद्यापीठाच्या रस्त्याला एकामागून एक बस धावतात, त्यामुळे वेळापत्रक बघायची गरज नाही. आधी मँचेस्टर म्युझियम. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या रूपात ते उघडलं तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या भागीदारीत तिथे दक्षिण आशियाचं कायमचं दालन तयार झालं. काय मांडायचं ते इथल्या दक्षिण आशियाई वंशाच्या तीसेक माणसांनी मिळून ठरवलं. त्यामुळे ‘हे सिंधू संस्कृतीचं, हे मुघलांचं’ अशी शाळकरी मांडणी नाही. कुणाचं तरी पत्र, कुणाची तरी वस्तू, रंगवलेली एक रिक्षा. काहींना ते विस्कळीत वाटतं. मला आपल्या घरातलं कपाट उघडल्यासारखं वाटलं.

पण मुलं बरोबर असतील तर आधी महाराजाकडे न्या. हा आशियाई हत्तीचा सांगाडा. १८७२ मध्ये एडिंबरातल्या लिलावात इथल्या बेल व्ह्यू प्राणिसंग्रहालयाने त्याला विकत घेतलं. रेल्वेच्या डब्यात चढवलं तर त्याने डबाच मोडून टाकला. मग माहुताने त्याला चालवत आणलं, सुमारे २०० मैल, १० दिवसांत. वाटेत जकातनाक्यावर भाड्यावरून वाद झाला आणि हत्तीने फाटकच उचकटलं अशी आख्यायिका आहे. त्या प्रसंगाचं चित्र आर्ट गॅलरीच्या संग्रहात आहे, भिंतीवर लावलेलं असेल तर मुलांना जोडी जुळवायला सांगा.

पुढे दहा-पंधरा मिनिटं चाललं की बागेतलं व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ हे नाव कलाप्रेमींपेक्षा आपल्या आयटीआय झालेल्या टर्नर-फिटरला जास्त ओळखीचं. बीएसडब्ल्यू आटे म्हणतो त्यातला ‘डब्ल्यू’ तो हाच. स्क्रूच्या आट्यांचं प्रमाणीकरण करणाऱ्या या माणसाच्या स्मरणार्थ १८८९ मध्ये ही गॅलरी सुरू झाली. कापड आणि भिंतीवरचे छापील कागद हा तिचा खास संग्रह. प्रदर्शनं बदलत राहतात, कधी एकदम भारी, कधी डोक्यावरून जाणारी. डोक्यावरून गेलं तर मागच्या काचेच्या कॅफेत झाडांमध्ये बसून चहा घ्या.

चहाच्या पुढे भूक लागली तर त्याच रस्त्याने खाली रशोमचा ‘करी माइल’ सुरू होतो. नावाला भुलू नका. आपल्या चवीचं तिथे फारसं काही नाही. पाकिस्तानी आणि अरबी खाणं मात्र उत्तम मिळतं. शाकाहारींनी फलाफल धरावं. त्यापेक्षा पोटभर आणि स्वस्त हवं असेल तर नॉर्दर्न क्वार्टरच्या गल्ल्यांतली ‘राइस अँड थ्री’ची साधी खानावळ शोधा. भात आणि त्यावर तीन भाज्या-कालवणं. कपड्याच्या गाळ्यांत राबणाऱ्या कामगारांसाठी ही दुकानं सुरू झाली. आता बँकवालेही रांगेत असतात.

५. नाटकाचं तिकीट कसं काढायचं

पॅलेस थिएटर आणि ऑपेरा हाउस ही दोन जुनी व्यावसायिक घरं, तिथे लंडनहून फिरतीवर आलेली संगीतिका लागतात. रॉयल एक्स्चेंजमध्ये स्वतःची निर्मिती जास्त. ऑक्सफर्ड रोडवरच्या कॉन्टॅक्टमध्ये तरुण मंडळींचे प्रयोग. होम नावाच्या केंद्रात, जे २०१५ पासून आहे, दोन रंगमंच, पाच सिनेमागृहं आणि एक कलादालन. होममध्ये जगभरचे सिनेमे उपशीर्षकांसह लागतात, ज्यांना फिल्म क्लबची सवय आहे त्यांना दुसरीकडे जायची गरज नाही. बाहेर एंगल्सचा पुतळा आहे, युक्रेनमधल्या एका गावात मोडून पडलेला २०१७ मध्ये इकडे आणून उभा केला.

तिकीट काढताना नाट्यगृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या फेरविक्रीच्या जागा दुप्पट पैसे घेतात. शेवटच्या पानावर ‘बुकिंग फी’ वाढते, ती धरूनच हिशेब करा. ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ असं लिहिलेलं तिकीट स्वस्त असतं, कारण समोर खांब किंवा कठडा येतो. कधी मान किंचित तिरकी करून भागतं, कधी नायिकेचं अर्धं तोंडच दिसतं. जुन्या नाट्यगृहांत सगळ्यांत वरचा सज्जा भयंकर चढाचा असतो, गुडघेदुखीवाल्यांना आणि उंचीची भीती असलेल्यांना तिथे नेऊ नका. दुपारच्या खेळाला मॅटिनीच म्हणतात, आणि तो बहुधा रात्रीपेक्षा स्वस्त. विद्यार्थी आणि तरुणांसाठी सवलती सगळीकडे असतात, पण वयाची मर्यादा प्रत्येक घराची वेगळी, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा. खेळ ‘हाउसफुल्ल’ झाला असेल तर निराश होऊ नका. त्या दिवशी तासभर आधी खिडकीवर जाऊन परत आलेली तिकिटं आहेत का विचारा. एकट्या माणसाला बहुतेक वेळा मिळतं.

रॉयल एक्स्चेंजमध्ये रंगमंच मधे आणि प्रेक्षक चारी बाजूंनी. कोणत्याही जागेवरून कधी ना कधी नटाची पाठ दिसणारच, तेव्हा ‘समोरची सीट’ शोधत बसू नका. अगदी खालच्या रांगेत बसलात तर नटाचा घाम दिसतो आणि पाय पसरायची सोय राहत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या सज्ज्यातली कोणतीही जागा घ्या.

वेळेची गोष्ट गंभीर आहे. साडेसात म्हणजे साडेसात. तिसऱ्या घंटेची वाट बघत बाहेर वडा खात उभं राहायचं हे इथे नाही. उशीर झाला तर मध्यंतरापर्यंतही बाहेर ठेवू शकतात. मध्यंतरात वड्याऐवजी छोट्या डब्यातलं आइस्क्रीम मिळतं, आणि सभ्य माणसंही ते लाकडी चमच्याने खरवडून खातात.

६. संगीत, आणि टाळ्या कधी वाजवायच्या

१८५७ मध्ये इथे चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे वाजवायला जर्मनीत जन्मलेल्या आणि इथे स्थायिक झालेल्या चार्ल्स हॅलेने वादक जमवले. प्रदर्शन संपल्यावर त्यांना पांगू द्यायचं नाही असं त्याने ठरवलं आणि ३० जानेवारी १८५८ ला हॅले वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम झाला. तो आजही सुरू आहे. ऐकायला जायचं ब्रिजवॉटर हॉलमध्ये. १९९६ चं हे सभागृह शेकडो स्प्रिंगांवर तोललं आहे, शेजारून ट्राम गेली तरी आत थरथर पोचत नाही. चार पैसे वाचवायचे असतील तर वाद्यवृंदाच्या मागच्या बाजूच्या खुर्च्या असतात का ते बघा. तिथून संचालकाचा चेहरा समोर दिसतो. मला तर महागड्या खुर्चीपेक्षा तीच आवडते.

आपल्या मैफिलीतल्या श्रोत्यासाठी एक सूचना. आपण समेवर ‘क्या बात है’ म्हणतो, मान डोलावतो, तानेला दाद देतो. इथे तसं करू नका. सिम्फनीचे तीन-चार भाग असतात आणि दोन भागांच्या मधल्या शांततेत टाळी वाजवायची नसते. ती शांतता खोकण्यासाठी राखीव आहे. शंभर माणसं एकदम खोकतात, मग पुढचा भाग सुरू होतो. पहिल्यांदा मी पहिल्या भागानंतर जोरात टाळ्या वाजवल्या, एकट्याने. शेजारच्या आजींनी माझ्या हातावर हलकेच थोपटलं. सोपा उपाय सांगतो, संचालक हात खाली सोडून आपल्याकडे वळेपर्यंत हात मांडीवर ठेवा.

तिकिटावर खर्च करायचा नसेल तर ऑक्सफर्ड रोडवरचं रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिक बघा. शिकणारी मुलं जवळजवळ रोज काही ना काही सादर करतात, त्यातलं पुष्कळसं मोफत किंवा किरकोळ पैशांत. चेटम्स ही संगीताची शाळाही आहे, तिथल्या पोरांचं वादन ऐकून आपण लहानपण वाया घालवलं असं वाटायला लागतं. स्वतः पियानो वाजवत असाल तर सेंट्रल लायब्ररीतल्या हेन्री वॉटसन संगीत विभागात जा. तिथे पियानो ठेवलेले आहेत. जाताना वरच्या गोल वाचनकक्षात जरूर डोकवा. घुमटाखाली पेन पडलं तरी आवाज चक्कर मारून परत येतो, त्यामुळे फोन बंद ठेवा.

देशोदेशीचं, कधी आपल्याकडचंही, संगीत ऐकायचं तर बँड ऑन द वॉल. तिथे बहुतेक वेळा उभं राहूनच ऐकावं लागतं, आईवडिलांना नेणार असाल तर खुर्च्या आहेत का ते आधी विचारा. मोठ्या अरिनांत हिंदी सिनेमाचे गायक येतात तेव्हा गर्दी होते. तिथे मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. लाडवांचा डबा घरी ठेवून जा.

७. सॅल्फर्डचा धक्का

ट्रामने मीडियासिटीकडे गेलात की पाणी लागतं. १८९४ च्या कालव्याने हे समुद्रापासून दूर असलेलं शहर बंदर झालं, १९८२ मध्ये गोद्या बंद पडल्या आणि आता तिथे टीव्हीचे स्टुडिओ आहेत. लाउरी या केंद्रात दोन नाट्यगृहं आणि एल. एस. लाउरीच्या चित्रांचं मोफत दालन आहे. हा माणूस नोकरीने भाडेवसुली कारकून. दिवसभर घराघरांत भाडं गोळा करायचा, संध्याकाळी आणि रात्री चित्रं काढायचा. गिरणी सुटल्यावर बाहेर पडणारी काडीसारखी माणसं, मागे धुराडी. भोंगा झाल्यावर मागवाल्यांचे जथे बाहेर पडताना ज्याने पाहिले आहेत त्याला ही चित्रं समजावून सांगावी लागत नाहीत. पूल ओलांडला की इंपीरियल वॉर म्युझियम नॉर्थ, तेही मोफत. पण एका दिवसात दोन्ही नकोत.

८. खेळ हीसुद्धा करमणूकच

ओल्ड ट्रॅफर्ड नावाची दोन मैदानं आहेत, एक फुटबॉलचं, एक क्रिकेटचं, आणि ती एक नाहीत. त्याच नावाच्या ट्राम थांब्याला लागून आहे ते क्रिकेटचं. १९९० च्या ऑगस्टमध्ये सतरा वर्षांच्या सचिनने आपलं पहिलं कसोटी शतक इथेच काढलं, नाबाद ११९. मुंबईचे फारुख इंजिनियर लँकशायरकडून वर्षानुवर्षं खेळले, २०२५ च्या जुलैत इथल्या एका स्टँडला क्लाइव्ह लॉइड यांच्याबरोबर त्यांचं नाव दिलं. काउंटी सामन्याचा दिवस बहुधा निवांत असतो. डबा घेऊन जा, ऊन पडलं तर पथारी पसरा. फुटबॉलच्या मोठ्या सामन्याचं तिकीट मात्र सदस्य झाल्याशिवाय मिळणं अवघड, रस्त्यावर विकणाऱ्याकडून घेऊ नका. राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय मँचेस्टर महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांना मोफत आहे, बाकीच्यांना तिकीट. पत्त्याचा पुरावा बरोबर न्या.

९. रात्रीचा हिशेब

शेवटी जेवणाचं. इथली बरीच स्वयंपाकघरं रात्री नऊ-साडेनऊला आवरतात आणि नाटक सुटतं दहाला. म्हणून नाटकाच्या दिवशी सहालाच जेवा, मराठी पोटाला ते नाश्त्यासारखं वाटलं तरी. आणि आत शिरण्याआधी परतीच्या शेवटच्या ट्रामची वेळ फोनवर बघून ठेवा, रविवारी ती लवकर सुटते. बाबा सोबत असले की मी थर्मासमध्ये चहा आणि दोन दशम्या ठेवतो. सेंट पीटर्स स्क्वेअरच्या थांब्यावर, ट्राम यायला सात मिनिटं असताना, त्या संपतात.